कोपरे नसलेला डाव

१

मेलेल्या माणसाला आपण "जेवण आणू का" असं तीनदा विचारलं, ही गोष्ट गुक मावशींच्या जिवाला फार लागली होती. पोलीस आले, गेले, पुन्हा आले, तरी मावशी आपल्या खाणावळीच्या मागच्या जिन्यावर बसून तेच तेच सांगत होत्या.

"पटासमोर बसले होते गं, रोजच्यासारखे. मान खाली. मला वाटलं, चाल शोधतायत. चाल शोधताना गुरुजी बोलत नाहीत, हे मला नवीन आहे का? म्हटलं, राहू दे, रस्सा गरम ठेवते. परत आले. परत गेले. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला आणि..."

बान हेजॉंग त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. लहानपणी ती याच जिन्याने वरच्या शाळेत गेली होती आणि हाम गिलसॉप गुरुजींनी तिच्या मुठीत काळ्या-पांढऱ्या खड्यांनी जागा वेढायच्या बादुक खेळाचा पहिला काळा खडा ठेवला होता. पुढे ती भौतिकशास्त्राची प्राध्यापक झाली, नाव कमावलं, केस पिकायला लागले, पण मोक्पोच्या या बोळात तिला अजून "हामांची चिमणी" म्हणूनच ओळखत.

बंदरावरून आलेलं धुकं बोळात साचून राहिलं होतं. त्यात आंबवलेल्या पाकट माशाचा उग्र दर्प मिसळला होता आणि मधूनच न दिसणारी एखादी बोट भोंगा वाजवत होती. हेजॉंगला तो आवाज आज नकोसा झाला.

वर, शाळेच्या खोलीत, इन्स्पेक्टर ब्योन वाट बघत होते. गुरुजींना नेलं होतं, पट मात्र जागचा हलवला नव्हता. रेघांवर काळे-पांढरे खडे दाटीने बसलेले, डाव अर्ध्याहून पुढे गेलेला. शेजारी खड्यांचे दोन वाडगे, त्यांची झाकणं उलटी करून ठेवलेली, रिकामी.

"चहात त्यांच्याच हृदयाच्या औषधाचे थेंब होते," ब्योन म्हणाले. "पटाशेजारी कायम असायची ती बाटली संपेपर्यंत ओतलेले. आता बघा, प्राध्यापकबाई, मला बादुकमधलं ओ की ठो कळत नाही. पण एवढा डाव रंगायला वेळ किती लागतो?"

"गुरुजी खेळत असतील तर अख्खी सकाळ."

"म्हणजे विष घालणारा माणूस अख्खी सकाळ इथे समोर बसला होता. रोज सकाळी इथे खेळायला कोण येतं? गोंग सेराम. गुरुजींची लाडकी शिष्या. आणि परवा तिच्यावर फसवणुकीची सुनावणी आहे. गुरुजी तिथे साक्ष देणार होते."

"ते तिच्या बाजूने बोलले असते."

"असं ते कुणाला म्हणाले होते?"

गुरुजींनी बादुक संघटनेला एवढंच कळवलं होतं की मी येईन आणि बोलेन. काय बोलतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आणि मी काही नुसत्या संशयावर पोरीला आत बसवलेलं नाही." ब्योननी आवाज खाली आणला. "तुमच्या प्रयोगशाळेतल्या उंगचानने काल हा पट मोजून दिलाय. तुमच्याच पद्धतीने. काळे खडे सेरामचे आहेत. आकडा तंतोतंत जुळलाय."

२

तो आकडा हेजॉंगचंच अपत्य होता.

चुंबकाच्या तुकड्यात असंख्य कण असतात. प्रत्येकाचं तोंड वर किंवा खाली, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून आपलं तोंड वळवतो. थंड असले की सगळे शहाण्यासारखे एका दिशेला बघतात. तापवलं की नुसता बाजार. हेजॉंगने काळ्या खड्याचं तोंड वर मानलं, पांढऱ्याचं खाली, आणि दोन माणसांतला डाव चुंबकासारखा मोजायला घेतला. तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली. पण मोजता मोजता प्रत्येक खेळाडूचं एक तापमान निघायला लागलं. कुणी भडक, पटभर उड्या मारणारा. कुणी थंड, खड्याला खडा लावून चालणारा. आणि सगळ्यांत थंड खेळायचं ते संगणकावरचं बादुक खेळणारं यंत्र.

घोळ झाला तो तिथेच. तिच्या हाताखालचा उंगचान हुशार आणि घायकुता. तो स्वतः कधी बादुक खेळत नसे आणि त्याचीच फुशारकी मारत असे. खेळणाऱ्याचा जीव खेळात अडकतो, त्याला पट नीट दिसत नाही म्हणे. त्याने या मोजमापातून यंत्राकडून चाली घ्यायची चोरी पकडायची युक्ती काढली, संघटनेने ती डोक्यावर घेतली, आणि जाळ्यात पहिली सापडली ती सेराम. तिचा अंतिम सामन्यातला डाव माणसाच्या मानाने फार थंड होता. म्हणजे चाली तिला कुणीतरी यंत्रावरून पुरवल्या. अहवालावर नाव उंगचानचं होतं, पण पाया हेजॉंगचा होता आणि त्या पायाचा तिला अभिमान होता. पण पाया खरा असेल तर गुरुजींना त्यांच्या लाडक्या शिष्येनेच मारलं होतं.

चौकीत सेराम भिंतीला टेकून बसली होती. पोरीने नीट खाल्लेलं दिसत नव्हतं.

"सेराम, मला खरं सांग."

"तुम्हाला कशाला सांगू? तुमच्याकडे आकडा आहे की."

हेजॉंग तिच्यासमोर बसली. "त्या सकाळी तू वर गेली होतीस?"

"गेले होते. गुरुजींनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, आज पाहुणा यायचाय, आधी त्याच्याशी बोलतो, तू दुपारी ये. मग मी धक्क्यावर जाऊन बसले. धुक्यात मला कोण बघणार? एक कुत्रं होतं, त्याला बोलवा साक्षीला."

"पाहुणा कोण?"

"नाही विचारलं. गुरुजींना कोण उलट विचारतं?" तिचा आवाज चिरकला. "ते गेले, बाई. आणि मला त्यांच्या फोटोसमोर शेवटचा नमस्कार म्हणून दोनदा वाकूसुद्धा दिलं नाही यांनी."

हेजॉंगने पटाचा फोटो तिच्यापुढे सरकवला. सेराम बघत राहिली. चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि तिथे भलतंच काहीतरी आलं. तिने फोटो उलटा धरून पाहिला, पुन्हा सरळ केला आणि एकदम दूर ढकलला.

"बाई, हे काय आहे?"

"गुरुजींच्या समोर होता तो डाव."

"हा डाव नाहीये." सेरामने ओठांवरून जीभ फिरवली. "डाव संपला की आम्ही दोघं बसून तो पहिल्यापासून पुन्हा मांडतो ना? कुठला खडा कधी आला, कशासाठी आला. सवयच असते. परक्याचा डाव दाखवलात तरी मी अंदाजाने मागे मागे जाते. याच्यात मागे जायला वाटच नाही. शेवटचा खडा कुठला? पहिला कुठला?" ती कुजबुजली, "हे कुणी खेळलेलंच नाही."

३

इन्स्पेक्टर ब्योन ते ऐकून हसले नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा. "आरोपी दुसरं काय म्हणणार?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हेजॉंग पुन्हा बोळात आली. गुक मावशी पाकट चिरत होत्या.

"मावशी, त्या सकाळी वर कोण गेलं?"

"जिना मागे, मी पुढे चुलीशी. मला काय दिसणार? पोलिसांनीही तेच विचारलं, कोण दिसलं, कोण दिसलं. दिसलं नाही कुणी. ऐकू मात्र येतं. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर बादुक चाललंय. टक्. मग माझी मुळ्याची जुडी निवडून होते, तेव्हा कुठे दुसरा टक्. डुलकी लागायची मला त्याने."

"आणि त्या सकाळी?"

मावशींची सुरी थांबली. "आधी बराच वेळ बोलणं. पुरुषांचं. गुरुजी हसलेसुद्धा. मग गप्प. फार वेळ गप्प. आणि मग टक् टक् टक् टक्, कुणी चवळी निवडून ताटात टाकतंय तसं. मी वर बघून म्हटलंसुद्धा, आज गुरुजींना कसली घाई सुटलीय?" त्यांनी हेजॉंगकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चिमणे, तेव्हा ते... गेलेले होते का गं?"

मान टाकलेल्या म्हाताऱ्यासमोर बसून कुणीतरी खडे मांडले होते. सावकाश विचार करून नव्हे, तर भराभर, समोरची नक्कल उतरवून घ्यावी तसे.

पुरुषाचा आवाज. मोक्पोत गुरुजींशी उभा दावा धरलेला पुरुष एकच होता, चॉन दोक्सू. दोघं एका वेळचे नामांकित खेळाडू. तरुणपणी एका सामन्यावरून बिनसलं आणि दोघांनी बोलणं टाकलं, ते टाकलंच. चॉनकाका धक्क्याजवळच्या खोलीत एकटे राहत. हेजॉंग आत शिरली तेव्हा ते पटासमोरच बसले होते.

"ये, हामची चिमणी. मीच त्याला मारला, हे विचारायला आलीस ना?"

"मारलात का, काका?"

"मारायचा असता तर तरुणपणीच मारला असता. तेव्हा दम होता. काय आणलंयस ते दाखव."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हे कुणाचं? पिऊन तर्र झालेल्या खलाशांचं?"

"गुरुजींचं म्हणतायत."

"हामचं?" म्हातारा ताडकन उठला. "तो माझा वैरी होता, पण हे असलं त्याच्या नावावर घालू नका! अगं, जागा वेढायला सगळ्यांत कमी खडे लागतात ते कोपऱ्यात. दुधखुळं पोरसुद्धा आधी कोपरा धरतं, मग कडा, मग मधलं रान. इथे बघ. कोपऱ्याला कुणी विचारलंय का? ही काळ्यांची भिंत बघ, कडेशी येऊन तुटली, जशी काही पुढे आणखी जागा आहे! पट इथे संपतो हे त्या गाढवाला माहीतच नाही. आणि इतक्या हाणामारीत एकही खडा मेला नाही? मेलेले खडे झाकणात ठेवतात, ती रिकामी?" त्यांनी फोटो पटावर आपटला. "या डावाला कोपरेच नाहीत, पोरी. असा पट जगात नसतो."

४

चॉनकाकांचा श्वास खाली बसायला वेळ लागला. हेजॉंगने त्यांना पाणी दिलं.

"हाम गेल्या आठवड्यात आला होता इथे," ते एकदम म्हणाले.

"गुरुजी? तुमच्याकडे?"

"दारात उभा. मला वाटलं, मरायला टेकलाय, माफी मागायला आला असेल. कसली माफी! म्हणाला, दोक्सू, आपला बेटावरचा डाव तुला आठवतो का? मी म्हटलं, ज्या डावात तू मला हरवलंस तो मी विसरेन होय रे? मग बसलो दोघं, मांडला पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये एकदा भांडण झालं, एक खडा त्याने कुठे ठेवला होता त्यावरून. तोच बरोबर निघाला, मेला." शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर म्हातारा गडबडला आणि त्याने बाहीने डोळे पुसले.

"मला मांडून दाखवाल?"

त्यांनी मांडला. एकेक खडा, न अडखळता, मधून मधून स्वतःला शिव्या घालत. काळे स्वतःचे, उसळणारे, चौफेर धावणारे. पांढरे गुरुजींचे. हेजॉंग पांढऱ्यांकडे बघत राहिली. खड्याला खडा, खड्याला खडा, एकही उडी नाही. मोजायचीसुद्धा गरज नव्हती, तिला नुसत्या डोळ्यांनी थंडी जाणवली. हा डाव उंगचानच्या पद्धतीत घातला असता, तर तिने बेधडक निकाल दिला असता की खेळाडू यंत्र वापरतोय.

"काका, तेव्हा यंत्रं कुठली..."

"यंत्र? त्या बेटावर वीज नव्हती! रॉकेलच्या दिव्यांचा काळ होता तो. का गं?"

गुरुजी काय बोलणार होते ते हेजॉंगच्या लख्ख ध्यानात आलं. हा डाव ते सुनावणीत मांडणार होते. माझ्या तरुणपणीच्या डावालाही तुमचा आकडा चोर ठरवतो, मग तुमचा आकडाच खोटा. ते सेरामला वाचवायला निघाले होते. सेरामला त्यांना मारायचं काही कारणच नव्हतं. कारण असलंच तर दुसऱ्या कुणालातरी होतं.

"हा डाव कशाला हवाय, ते सांगितलं त्यांनी?"

"म्हणाला, विद्यापीठातल्या माणसाला आधी घरी बोलावून दाखवतो. एकदम चारचौघांत फजिती नको." चॉनकाकांनी मान वर केली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला वाटलं, ते माणूस म्हणजे तू. तू आली होतीस का गं त्या सकाळी?"

५

प्रयोगशाळेत दुपारी कुणी नव्हतं. खिडक्यांबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं आणि कॉरिडॉरमध्ये कुठलंतरी दार वाऱ्याने आपटत होतं.

हेजॉंगने फोटोवरून पट स्वतः मोजायला घेतला. उंगचानने मोजलाय म्हटल्यावर आजवर तिने तो मोजलाच नव्हता. विश्वास होता, दुसरं काय! काळ्या खड्यांचा आकडा पडद्यावर आला. तो सेरामचा नव्हता. गुरुजींचा नव्हता, चॉनकाकांचा नव्हता, कुणाचाच नव्हता. तिने पुन्हा मोजला. तोच आला.

मग तंतोतंत जुळला तो कुठला आकडा?

तिने फोटो कागदावर छापून घेतला आणि चॉनकाकांनी दाखवलेल्या त्या काळ्या भिंतीवर बोट ठेवलं. भिंत उजवीकडे सरकत सरकत पटाच्या कडेशी येऊन तुटत होती. पुढे जागा असल्यासारखी, म्हणाले होते ते. तिचं बोट कागदाच्या काठावर थांबलं. मग तिने सहज डाव्या काठाकडे पाहिलं. बरोबर त्याच रेघेवर, तिकडून काळ्यांची भिंत सुरू होत होती.

तिने कागदाची नळी केली आणि दोन्ही काठ एकमेकांना भिडवले. भिंत जोडली गेली, कुठेही फट न राहता. नळी सोडून तिने कागद आडवा धरला आणि वरचा काठ खालच्याला लावला. पांढऱ्यांची साखळी तिथेही सलग झाली.

हे काय आहे ते हेजॉंगला पुरेपूर ठाऊक होतं. चुंबकात कण इतके असतात की काठावरच्यांना कुणी विचारत नाही. म्हणून हिशेब सोपा करायला भौतिकवाले एक लबाडी करतात. उजवी कड डावीला शिवून टाकायची, वरची खालच्या कडेला. मग कडा उरत नाहीत, कोपरे उरत नाहीत, सगळ्या जागा सारख्या. हेजॉंगनेही सुरुवातीला तेच केलं होतं. पुढे खरे डाव मोजायची वेळ आली तेव्हा मोजणीतली ती शिवण तिने उसवली. पण त्याच प्रोग्रामचा आणखी एक भाग होता. त्याला एखाद्या खेळाडूचं तापमान द्यायचं, आणि तो त्या तापमानाचा नवा पट रचून द्यायचा. तो भाग कधी कामाला येत नसे, म्हणून तिथली शिवण तशीच राहिली होती.

तिने कडा पुन्हा शिवल्या आणि त्याच पटाचं तापमान काढलं. पडद्यावर सेरामचा आकडा आला. तंतोतंत.

तो प्रोग्राम जगात दोन माणसांकडे होता. त्यातली एक इथे खुर्चीत बसली होती.

तिने ब्योनना फोन लावला. पलीकडून "बोला, प्राध्यापकबाई" असं ऐकू आलं, आणि तेवढ्यात पाठीमागे दार उघडलं. तिने फोन तसाच टेबलावर पालथा ठेवला.

"मॅडम," उंगचान म्हणाला, "कागदाची नळी कशाला करताय?"

६

त्याच्या हातात कॉफीचे दोन कप होते. एक त्याने तिच्यासमोर ठेवला आणि दुसरा हातात धरून तो दार आणि टेबल यांच्या मधोमध उभा राहिला.

"बस, उंगचान. मला एक डाव मांडून दाखव. गुरुजी आणि सेराम यांचा. पहिल्या खड्यापासून."

"मी खेळत नाही, मॅडम. तुम्हाला माहितीये."

"तिथेच फसलास तू. चॉनकाकांना खोटा डाव मांडायचा असता तर त्यांनी डोळे मिटून एखादा जुना खरा डाव मांडला असता. कुठल्याही खेळाडूने तेच केलं असतं. कोपऱ्यांवाचून डाव मांडायला त्यांचा हातच उचलला नसता. तुला सेरामचा खरा डाव वापरता येईना, कारण तिचे डाव इथलं शेंबडं पोरही ओळखतं. मनाने रचता येईना, कारण तुला खेळता येत नाही. मग तू प्रोग्रामला सांगितलंस, सेरामच्या हातचा पट दे. फोनमध्ये चित्र घेऊन गेलास आणि गुरुजींच्या समोर बसून खडे उतरवलेस. भराभर. खाली ऐकू जात होतं."

"हे सगळे अंदाज आहेत."

"पट तू मोजलाच नाहीस. मी मोजला. उघड्या कडांनी तो कुणाचाच नाही. कडा शिवल्या की सेरामचा. प्रोग्रामला जो आकडा दिला होतास, तोच पोलिसांना दिलास. मोजून तपासायचीही तुला गरज वाटली नाही, कारण उत्तर तूच आत घातलं होतंस."

उंगचानने टेबलावरचा कागद उचलला, वाकवला, काठ जुळवून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्य होतं.

"कोपरे," तो म्हणाला. "मला दिसलेच नाहीत."

"गुरुजींनी तुला वाचवायला बोलावलं होतं रे."

"वाचवायला? फोनवरच म्हणाले होते, बाळ, तुझ्या हिशेबाने मी तरुणपणी यंत्राची चोरी केलीय, येऊन बघून जा. आणि समोर गेलो तर पुन्हा तेच. चहा ओतत होते आणि हसत होते, मॅडम! माझी सगळी पद्धत म्हणजे त्यांना चहाबरोबरची गंमत!" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला, मग लगेच खाली आला. "तुमचीही. हे विसरू नका. हे तुम्ही बाहेर सांगितलंत तर तुम्हाला तुमच्या तोंडाने सांगावं लागेल की तापमान ही कुणाची ओळख नाही. खेळाडू आणि प्रोग्रामचा कचरा यांतला फरक तुमच्या आकड्याला कळत नाही. उभी हयात घातलीत यात. कडा शिवायला मला तुम्हीच शिकवलंत. आणि नाही सांगितलंत तर काय होणार? एक मुलगी. तिला तर सगळे आधीच चोर समजतात." त्याने कपाकडे बोट केलं. "घ्या ना, निवतेय."

खोटं कशाला सांगा, हेजॉंगला क्षणभर मोह झाला. आकड्यावर तिचं प्रेम होतं, पोरावर करावं तसं. गप्प बसायला काहीच करावं लागणार नव्हतं. सेराम आत राहिली असती, परवा सुनावणी झाली नसती, आणि तिचं नाव जसंच्या तसं चकचकीत राहिलं असतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"कॉफी राहू दे," ती म्हणाली. "इन्स्पेक्टर ब्योनना तीही तपासायची असेल. तू आलास तेव्हा मी त्यांच्याशीच बोलत होते. त्यांनी अजून फोन ठेवलेला नाही."

तिने पालथा फोन उलटला. उंगचान त्याच्याकडे बघत राहिला. तो पळाला नाही, अंगावर आला नाही. समोरच्या खुर्चीत बसला आणि जिन्यावर बुटांचे आवाज येईपर्यंत तो कागद उलगडत आणि वाकवत राहिला. पुढे कळलं की त्या कॉफीत साखरेशिवाय काही नव्हतं. पण हेजॉंगने त्यानंतर प्रयोगशाळेत कधी कॉफी घेतली नाही.

७

दुसऱ्या दिवशी सेराम सुटली. चौकीच्या फाटकाशी चॉनकाका ताज्या तोफूची वडी घेऊन उभे होते. कोठडीतून बाहेर पडलेल्या माणसाने ती खायची, म्हणजे पुन्हा आत जायची पाळी येत नाही.

"खा. सगळी खा. हाम असता तर त्यानेच आणली असती, आता मला नाचवलंय."

सेराम तिथेच उभी राहून खायला लागली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. हेजॉंग जरा लांब थांबली होती. आपण जवळ जावं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

शेवटी सेरामनेच विचारलं. "उद्या सुनावणी आहे ना, बाई?"

"आहे. मी बोलणार आहे. या आकड्यावरून कुणी चोर ठरत नाही आणि कुणी ओळखूही येत नाही, असं सांगणार आहे. पद्धत मागे घेतेय मी. पूर्ण."

"मग तुमच्याकडे काय राहिलं?"

"काही नाही."

सेरामने घास गिळला. तिच्या आवाजात आता राग नव्हता, आणि ते हेजॉंगला जास्त सोसवेना.

"अंतिम सामन्यात मी इतकी थंड का खेळले, हे तुम्ही मला कधी विचारलंत?"

"नाही."

"त्या दिवशी सकाळी आई गेल्याचा फोन आला होता. सामना पुढे ढकलतील म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पटासमोर बसले तर हातच उचलेना. उडी मारायची, भांडायची ताकदच नव्हती. मग लहान मुलं खेळतात तसं खड्याला खडा लावत गेले. लावत गेले आणि जिंकले. त्यात यंत्र नव्हतं, बाई. एवढंच होतं."

हेजॉंगने तो डाव किती वेळा मोजला होता याला गणती नव्हती.

"गुरुजींना माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो," सेराम म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं."